काळजातलं हाड

"परत देऊन ये म्हणतोय ना मी! आत्ताच्या आत्ता!" महेंद्रचा आवाज इतका चढला की गोठ्यातली कालवड चारा सोडून मान वळवून बघायला लागली.

"कुणाला परत देऊ?" रंभाबाई म्हणाली. "ती म्हातारी गुडघे धरत चढ चढून आली आन् तशीच गेली. आता तिच्या मागं पळत जाऊन तिच्या पदरात नारळ टाकू व्हय?"

"मग मी जातो."

"जाऊन काय म्हणशील?"

"म्हणेन, आमच्या घरात हे चालत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे हे. आमच्यात कुणाच्या अंगात येत नाही, आणि माझ्या आईच्या हाताला कुठल्या देवीचा गुण नाही."

"आन् चहा पिली ती?" भिंतीला टेकून बसलेला चांगदेव म्हणाला. "त्यो पण परत मागणार का?"

"आबा, तुम्ही मध्ये बोलू नका."

शिरूरच्या एसटी डेपोत बत्तीस वर्षं इंजिनांच्या आवाजात काढल्यामुळं चांगदेवला कमी ऐकू यायचं, पण नेमकं नको ते ऐकू यायचं, अशी त्याच्या बायकोची, रंभाबाईची तक्रार होती.

ओट्यावर स्टीलचं ताट होतं. त्यात नारळ, हिरवा खण, हळदकुंकवाच्या दोन पुड्या आणि पेढ्यांचा खोका. सून सविता दारात उभी राहून कुणाचीच बाजू घेत नव्हती, पण तिची नजर खणाच्या काठावरून हलत नव्हती. खण खरंच चांगला होता.

हे ताट ठेवून गेली होती साळूबाई. तिचा मुलगा जयसिंग गावातल्या दूध संस्थेचा चेअरमन. नुसतं ताट ठेवून ती गेली असती तर एवढं झालं नसतं. जाताना तिनं रंभाबाईच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "बाई, तुझ्या अंगात जे काय हाय, ते आमच्या गोठ्यावर असंच राहू दे." आणि संस्थेची वार्षिक सभा उद्या दहा वाजता आहे, तिथं तुझा सत्कार ठेवलाय, असंही सांगितलं. तेवढ्यात महेंद्रच्या फोनवर गावाच्या ग्रुपवरचा मेसेज येऊन पडला. सुट्टीच्या दिवशी तो जरा लोळत होता, तो ताडकन उठून बाहेर आला.

आता त्यानं तो मेसेज परत वाचून दाखवला. "जगदंबेचा वरदहस्त लाभलेल्या, मुक्या जनावराच्या पोटातले ओळखणाऱ्या श्रीमती रंभाबाई यांचा जाहीर सत्कार. ऐकलंस? जगदंबेचा! विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे मी. उद्या कमिटीतले लोक मला काय विचारतील?"

"श्रीमती लिवलंय," चांगदेव म्हणाला. "मी जिवंत हाय म्हणावं त्यान्ला."

आतून त्याच्या नातीचं, सीमाचं हसू फुटलं. महेंद्रनं तिकडं बघितलं तसं ते थांबलं.

झालं होतं ते असं. जयसिंगची वीस लिटरची गाय तीन-चार आठवड्यांपूर्वी दुधाला तुटली. वीसची दहावर आली, दहाची चारवर. डॉक्टर आले, अपचन आहे म्हणाले, औषध देऊन गेले. पुन्हा आले, दुसरं औषध देऊन गेले. सीमा पशुवैद्यकीय कॉलेजच्या चौथ्या वर्षाला. ती तेव्हा दोन दिवसांसाठी घरी आलेली होती. जयसिंगनं तिलाही बोलावलं. तिनं ताप बघितला, पोटावर मूठ दाबून बघितली आणि तिलाही अपचनच वाटलं.

रंभाबाई त्यांच्या शेतावर मक्याचा चारा आणायला गेली होती, गाय बघायला नव्हे. भारा बांधता बांधता तिची नजर गोठ्याकडं गेली आणि हात थांबले. बसलेली गाय उठत होती, आणि उठत होती ती पुढून. गाय नेहमी मागचे पाय आधी उचलते, मग गुडघ्यावरून पुढचे. पुढून उठतो तो घोडा. ही गाय घोड्यासारखी उठली, उठल्यावर पुढचे दोन्ही पाय गव्हाणीच्या दगडावर ठेवून उभी राहिली, आणि पुढच्या पायांची कोपरं तिनं बाहेर काढली होती, काखेत गळू झालेला माणूस हात लांब धरतो तशी.

रंभाबाईनं भारा तिथंच टाकला. गड्याला म्हणाली, हिला जरा उतारावरून खाली चालव. गाय चढावर नीट गेली; उतार आला तशी चार पावलांत थांबली आणि कण्हली. मग रंभाबाईनं गाईच्या खांद्यामागची कातडी दोन्ही हातांनी घट्ट पकडून वर ओढली. चांगलं जनावर अशा वेळी पाठ खाली दाबतं. हिनं दाबली नाही. नुसती पुन्हा कण्हली.

"हिच्या पोटात तार हाय," ती जयसिंगला म्हणाली. "पुढच्या जाळीच्या पिशवीत. आन् ती काळजाकडं निघालीय. औषधं पाजीत बसू नका, मोठा डॉक्टर आणा."

जयसिंग हसला नाही, यासाठी रंभाबाई त्याची आजही मनातून आभारी होती. हसला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्यानं शिरूरहून ऑपरेशन करणारा डॉक्टर आणला. डॉक्टरनं गाईची डावी कूस उघडली, आत खांद्यापर्यंत हात घातला आणि तीन बोटं लांबीची तार बाहेर काढली. स्लॅबच्या सळया बांधतात तसली. गेल्या वर्षी जयसिंगनं बंगला बांधला होता, त्यातलीच एक चाऱ्यातून गेली असणार. "आणखी चार दिवस गेले असते तर हृदयात घुसली असती," डॉक्टर म्हणाले. गाय आता बारा लिटरवर आली होती.

त्या दिवशी तार बघून साळूबाईनं तोंडावर हात ठेवला होता. "कसं गं कळलं तुला?" तिनं विचारलं होतं. गोठ्यात तेव्हा जयसिंग, त्याची बायको अनिता, डॉक्टर, दोन गडी, सगळे रंभाबाईच्या तोंडाकडं बघत होते. आणि रंभाबाई काहीच बोलली नव्हती. खाली बघून तिनं पदर खोचला, भारा उचलला आणि चालू लागली.

तिथंच चुकलं. माणसांना कारण लागतं. तिनं दिलं नाही, म्हणून साळूबाईनं आपल्या देव्हाऱ्यातलं आणून बसवलं.

कारण रंभाबाईकडं होतं. पण ते बोलायचं नाही, असा या घरात दंडक होता. कुणी तो घातला नव्हता. महेंद्र शाळेत जायला लागला तेव्हापासून तो आपोआप आला, आणि भिंतीला रंग देताना फोटो काढून ठेवावेत तशी काही वाक्यं घरातून निघून गेली.

रंभाबाईचं माहेर दौंड तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. तिचा बाप हरिबा दौंडला रेल्वेच्या यार्डात मजुरीला जायचा. तिला वाढवलं ते आजीनं, धुरपदानं. गावातलं जनावर मेलं की ते ओढून नेणं आणि सोलणं हे त्यांच्या वस्तीचं काम होतं. ते काम कुणी मागून घेतलेलं नव्हतं. ते वाट्याला टाकलेलं होतं, आणि त्याबरोबर जे जे यायचं तेही टाकलेलं होतं. पाणी वरून ओतलं जायचं. सावलीला लोक बाजूला सरायचे. जनावरावर सुरी चालवायची पुरुषांनी, आतडी धुवायची बायकांनी, अशी वाटणी. पण धुरपदाच्या हातात सुरी असायची. तिचा नवरा लवकर गेला होता आणि तिचा हात पुरुषांपेक्षा साफ होता.

बाकीचे कातडं आणि मांस बघायचे. धुरपदा आधी बघायची, हे मेलं कशानं. "कुणाची गं ही?" ती सात-आठ वर्षांच्या रंभाला विचारायची. "ह्या म्हैन्यात कुठं बघितलीस हिला? कशी हुबी व्हती? आठव." रंभानं आठवायचं. कोपरं बाहेर काढून उभी होती. उतारावर थांबत होती. बसायला घाबरत होती. "आता ये, बघ." मग ती आतलं दाखवायची. ही मोठी पिशवी, चारा आधी हिच्यात जातो आणि रवंथाला परत वर येतो. ही मधाच्या पोळ्यासारखी जाळीची. ही पानापानांची. आणि ही चौथी, हिच्यात खरं पचन. जड काही गिळलं, खिळा, तार, तर ते जाळीच्या पिशवीत पडतं, आणि त्या पिशवीच्या पुढ्यात, पातळ पडद्याच्या पलीकडं, काळीज. एकदा त्या पडद्यात पोतं शिवायचं दाभण अर्धं इकडं, अर्धं तिकडं निघालं. धुरपदानं ते पाण्यात धुतलं आणि नातीच्या तळहातावर ठेवलं. "बघ, ही हुबी व्हती कोपरं काढून, ती ह्याच्यापायी. गाय निवडून खात न्हाई. जिभेनं ओढती आन् गिळती. शेळी बघ कशी ओठानं येक येक पान निवडती. म्हणून शेळीच्या पोटात दाभण घावत न्हाई."

असं सगळं. जितेपणी बघितलेलं, मेल्यावर पडताळलेलं.

रंभा बारा वर्षांची होती तेव्हा वस्तीनं ते काम सोडलं. हरिबानंच आधी तोंड उघडलं. गावानं राग धरला, दोन वर्षं कुणी मजुरीला बोलावलं नाही, पण वस्ती हलली नाही. त्या दिवशी धुरपदा नदीवर गेली आणि दुपारपर्यंत अंग घासत बसली. घरी आली ती हसत. "सुटले," म्हणाली. "माझ्या नातीच्या हाताला आता वास यायचा न्हाई." पण पुढं मरेपर्यंत वाटेत गुरं दिसली की ती थांबायची. नातीचा दंड धरायची. "त्यो बांडा बैल बघ. मागचा उजवा पाय कसा टाकतोय? सांग, कुठं दुखतंय?" रंभानं चुकीचं सांगितलं की चिमटा, बरोबर सांगितलं की काही नाही.

लग्न होऊन रंभा शिरूरकडं आली. शेतमजुरी केली, मग एक गाय घेतली, मग दोन. गावातल्या बायका आपलं जनावर घेऊन तिच्याकडं यायच्या. वासरू आडवं आलं तर हात घालून फिरवायला, व्यायला किती दिवस आहेत ते सांगायला. ती सांगायची. कसं कळलं ते सांगायची नाही.

"आई, एक मार्ग आहे," महेंद्र आता जरा खालच्या आवाजात म्हणाला. तो ओट्याच्या कडेला बसला. रांजणगावच्या कंपनीत तो लाइन सुपरवायझर होता. दोन कामगार भांडले की दोघांना मिटवता येईल असं काहीतरी शोधायची त्याला सवय होती. "उद्या तू सभेला जा. सांग की देवीबिवी काही नाही, हे शास्त्र आहे. माझी नात जनावरांची डॉक्टर होतेय, तिनं मला हे शिकवलं. संपलं. देवी पण गेली, आणि सीमाचं नावही झालं. पुढं तिला इथंच दवाखाना टाकायचाय."

सविताच्या तोंडावर पहिल्यांदा बरं वाटल्याचं दिसलं. "हे बरंय की आत्या," ती सासूला म्हणाली. "खोटं पण न्हाई सगळं."

"सगळं खोटं आहे," आतून सीमा बाहेर येत म्हणाली. "पप्पा, ती गाय मी बघितली होती. मला अपचन वाटलं होतं. आज्जीनं सांगितलं त्यातलं पुढून उठणं मी पुस्तकात वाचलेलं होतं, आणि समोर दिसलं तेव्हा ओळखलं नाही. मी काय शिकवलं तिला?"

"तू शांत बस. तुला यातलं कळत नाही."

"मला कळतं. माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगते, ऐका तरी." सीमा आजीजवळ बसली. "आम्हाला मॅडमनी एक छोटं हाड दाखवलं. म्हणाल्या, ओळखा कुठलं. कुणालाच येईना. हे बैलाच्या हृदयातलं हाड."

"काळजातलं," रंभाबाई पटकन म्हणाली. "वाकडं असतंय जरासं. माझ्या करंगळीच्या पेराएवढं. बैल म्हातारा असला की मोठं."

सीमा तिच्याकडं बघत राहिली. "तुला माहितीय?"

"आज्जीनं दाखवलं व्हतं. म्हणाली, माणसं म्हणत्यात काळीज मऊ असतं, पर बैलाच्या काळजात हाड असतंय बघ, एवढं वढतो म्हणून."

"वढतो म्हणून नाही," सीमा म्हणाली, "पण हाड आहे. आणि मॅडम म्हणाल्या, हे तेवीसशे वर्षांपूर्वी एका परदेशी विद्वानानं लिहून ठेवलंय. त्यानं गाईची चार पोटं लिहिली. कोंबडीची अंडी रोज एक फोडून आत पिल्लू कसं वाढतं ते लिहिलं. मासे, हत्ती, मधमाश्या, सगळं. थोडं चुकलंही त्याचं. बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असं लिहिलंय."

"बोलून बोलून झिजत असतील असं वाटलं असंल त्याला," चांगदेव म्हणाला. सवितानं पदर तोंडाला लावला.

"त्याला एवढं सगळं कुणी दावलं?" रंभाबाईनं विचारलं. "त्यो विद्वान. त्यानं काय सोता सुरी धरली?"

"काही स्वतः बघितलं. बाकीचं विचारलं. गुराख्यांना, कोळ्यांना, खाटकांना. कोळी असं सांगतात, गुराखी तसं म्हणतात, असं मॅडमनी सांगितलं."

"कोण कोळी? नाव काय त्येचं?"

"नावं नाहीत, आज्जी. त्याचं एकट्याचं नाव आहे."

रंभाबाईला त्या माणसाचा राग आला नाही. निदान विचारलं तरी त्यानं. आपल्या आजीला जन्मभर कुणी एकदाही विचारलं नव्हतं, आणि तिला स्वतःला पहिल्यांदा विचारलं ते साळूबाईनं. त्या साळूबाईच्या विहिरीवर, लग्न होऊन आली त्या वर्षी, रंभानं ओंजळ खाली धरली होती आणि वरून पाणी पडलं होतं. तीच साळूबाई आज या ओट्यावर बसून या घरच्या कपातनं चहा पिऊन गेली. रंभाबाई भोळी नव्हती. गाय वाचली नसती तर साळूबाई हा चढ चढली नसती हे तिला माहीत होतं. तरी चढली, याचं बरं वाटायचं ते वाटलंच. म्हातारपणी पाया पडणं सोपं नसतं, ज्याच्या पडायला नको असं शिकवलेलं असतं त्याच्या तर नाहीच.

स्वयंपाकघरातून ठण्ण आवाज आला. सगळ्यांनी बघितलं तर चांगदेव जागेवर नव्हता, आणि ताटातला नारळही.

"आबा!"

"फुटला," चांगदेव दोन वाट्या हातात घेऊन दारात आला. "आता कसा देणार परत? लसणाच्या चटणीला खोबरं नव्हतंच घरात."

महेंद्र हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि अचानक त्याच्या आवाजातला सगळा चढ गेला. "तुम्हाला सगळ्यांना गंमत वाटतेय," तो म्हणाला. "मी सहावीत होतो. आईनं डब्यात बटाट्याची भाजी दिलेली. मी डबा उघडला आणि शेजारच्या पोरानं नाक धरलं. मग दुसऱ्यानं धरलं. मग सगळ्यांनी. बटाट्याची भाजी होती, आई. आपल्या घरात कुणी मेल्या जनावराला हात लावून वीस-पंचवीस वर्षं झाली होती. तरी त्यांनी नाक धरलं, कारण त्यांच्या घरात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कंपनीच्या कँटीनमध्ये अजून मी भिंतीकडं तोंड करून जेवतो. सवय झालीय. आणि तू उद्या माइकवर ते सगळं सांगणार?"

"म्या कुठं म्हणाले सांगणार म्हणून?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

तो मागच्या दारानं निघून गेला. रंभाबाईला नाक धरल्याचं माहीत नव्हतं. पन्नाशीला आलेल्या मुलाचं सहावीतलं दुखणं तिला आज कळलं. जनावराचं कोपर जरा हललं तरी ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या पोराचं भिंतीकडं तोंड करून जेवणं दिसलं नव्हतं. तेव्हा तो डबा परत आणायचा, भाजी तशीच असायची, आणि ती म्हणायची, माजलाय, बटाटा नको झालाय.

पाच वाजले तशी ती बादली घेऊन गोठ्यात गेली. गोठा महेंद्रनं बांधलेला. घरावर स्लॅब टाकला तेव्हा त्यानं गोठ्यालाही पत्रे टाकले, आणि स्वतःच्या खोलीत पंखा लावायच्या आधी उन्हाळ्यात गाईंना लावला, कारण आई म्हणाली होती, गाभण आहे, तापतेय. कामावरून दमून आला तरी शेणाची पाटी आईला उचलू द्यायचा नाही. असा मुलगा मिळायला काही पुण्य लागत असलं तर ते आपण कुठं केलं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं गाईच्या कुशीला डोकं टेकवलं आणि धारा सुरू केल्या.

थोड्या वेळानं तो आला. पेंडीचं घमेलं गाईपुढं ठेवलं आणि तिथंच उभा राहिला.

"शंभरेक माणसं असतील सभेला," तो म्हणाला.

"असू दे."

"कुणीतरी विचारेल. मांस खात होता का म्हणून."

"व्हय म्हणंन. भूक व्हती. त्यान्ला न्हवती, म्हणून त्यांनी न्हाई खाल्लं."

"तुला लाज वाटत नाही?"

रंभाबाईनं धार थांबवली. "वाटायची. लगीन झाल्यावर लई वर्सं वाटायची. नाव न्हाई काढलं म्या आज्जीचं. पर लाज कशाची ते मला अजून समजलं न्हाई. जनावर मेलं त्येंचं, ओढून न्यायला लावलं त्यांनी, आन् लाज आमाला. काम सुटलं ते चांगलंच झालं, बाबा. ज्यांनी सोडवलं त्यान्ला म्या रोज हात जोडते, तुला ठावं हाय. त्यो तार काढणारा डॉक्टर खांद्यापत्तुर हात घालून हुबा व्हता, त्याला सगळी खुर्ची देत व्हती. माझ्या आज्जीला कुणी दिली न्हाई. पर बघायला तिनंच शिकवलं मला."

"मग सीमाचं नाव घे म्हणतो ना. तेवढ्यानं सगळं सोपं होतंय."

"व्हतंय की सोपं. पर देवीनं नेलं काय आन् सीमानं नेलं काय, धुरपदाबाईचं नाव जातंयच."

महेंद्रनं घमेल्यातली पेंड हातानं उगाच सारखी केली. गाईनं त्याच्या मनगटावरून जीभ फिरवली.

"तुला ते डब्याचं सांगायला पायजे व्हतं," रंभाबाई म्हणाली. "मला."

"सांगून काय केलं असतंस?"

"काय न्हाई. पर बटाट्यावरनं तुला रागावले नसते."

महेंद्रनं भरलेली बादली उचलली. "मला पटलेलं नाही," तो म्हणाला.

"नको पटू दे."

ती हात धुऊन आत आली तेव्हा सविता भाकरी थापत होती, चांगदेव खोबरं किसत बसला होता आणि सीमा त्याला लसूण सोलून देत होती. महेंद्र बादली घेऊन मागच्या दारात थांबला. रंभाबाई मध्ये उभी राहिली. आवाज तिनं चढवला नाही, चांगदेवला ऐकू जाईल एवढाच ठेवला.

"ऐका सगळी. उद्या दहाला मी सभेला जाणार हाय. माइक दिला की आधी सांगणार, माझ्या अंगात कुठली देवी न्हाई. मग सांगणार की हे मला माझ्या आज्जीनं शिकवलं, तिचं नाव धुरपदा, आन् ती मेलेली जनावरं फाडायची. महेंद्रला पटलेलं न्हाई. त्यो न्हाई आला तरी चालंल."